डायनासोर सरांचा रिपोर्ट

डायनासोर कसे जुगत असतील, या विषयावर मी न थांबता दीड तास बोलू शकतो. कागद लागत नाही, मध्ये पाणी लागत नाही. माणसांबद्दल मात्र मला दीड मिनिटही बोलता येत नाही, आणि दहिवडीच्या ज्युनिअर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवतो. बारावीला मानवी प्रजननाचा धडा आहे. नोकरीची पहिली काही वर्षं मी तो "सोपा आहे, घरी वाचा" म्हणून सोडून द्यायचो. मुलं खाली बघायची, मुली वहीत उगाच रेघा मारायच्या आणि मी पाठमोरा होऊन फळा पुसायचो. फळ्यावर काही लिहिलेलंच नसायचं.

मग एका वर्षी नाइलाजानं म्हणालो, "आपण डायनासोरांपासून सुरुवात करू." आश्चर्य म्हणजे कुणी लाजलं नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मेलेल्या जनावराची कुणाला कसली लाज? मलाही घाम फुटला नाही. तेव्हापासून दरवर्षी मी डायनासोरांपासून सुरुवात करतो आणि डायनासोरांवरच संपवतो. माणसापर्यंत पोचायच्या आत तास संपतो. पोरं मला डायनासोर सर म्हणायला लागली. मी समजत होतो, कौतुकानं म्हणतात.

माझं नाव जयराज. गाव कराडच्या खाली, कृष्णेच्या काठाला. घरचा ऊस, वडील लालासाहेब पलटणीतून सुभेदार होऊन परत आलेले, भाऊ अजून सीमेवर. भिडस्तपणा घरात कुणालाच मिळाला नाही, तो सगळा माझ्या वाट्याला आला. बायको क्रांती दहिवडीच्याच पोस्टात आहे. काउंटरवर बसून ती अख्ख्या गावाला गप्प करते. लग्नाला आठ वर्षं झाली आणि मूल नाही.

मूल नाही, एवढंच लिहून मला पुढं जाता आलं असतं. मी असंच पुढं जातो. पण या आठ वर्षांत उपास क्रांतीनं केले, इंजेक्शनं तिनं घेतली, पिशवीच्या नळ्या तपासायला रंगीत औषध सोडतात तेव्हा टेबलाची कड तिनं धरली. माझी आई, मनुबाई, तशी वाईट बाई नाही. पण चुलतभावाच्या बायकोचं डोहाळजेवण होतं तेव्हा तिनं क्रांतीला म्हटलं, "तू आपली भज्यांकडं बग." बाहेर ओटी भरणं चाललं होतं आणि क्रांती आत कढईसमोर उभी होती. मी बाहेर फेटा बांधून फोटो काढत होतो. सुभेदारांचं म्हणणं सरळ होतं, "आपल्या घराण्यात आसलं कवा झालं न्हाई." म्हणजे दोष बाहेरून आला, लग्न करून.

आता माझा पराक्रम सांगतो. तीन वर्षांपूर्वी साताऱ्याच्या डॉक्टरबाईंनी क्रांतीचे सगळे कागद पाहिले आणि म्हणाल्या, "यांचं तर सगळं व्यवस्थित दिसतंय. तुमची एक साधी तपासणी करून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे." त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. पुढच्या आठवड्यात क्रांतीला सुट्टी मिळेना, म्हणून मी एकटाच साताऱ्याला गेलो. लॅबमध्ये शिरलो तर काउंटरवर स्वप्नाली. म्हसवडची पोरगी, माझ्याच हाताखाली बारावी झालेली, पुढं लॅबचा कोर्स केलेली. मला बघून ती उभीच राहिली.

"सर, तुम्ही? या ना सर. कोणती टेस्ट करायचीय?"

चिठ्ठी माझ्या खिशात होती. माझ्यामागं रांगेत चार माणसं होती. समोर माझी विद्यार्थिनी होती, जिला मी तो धडा घरी वाचायला सांगितला होता.

"शुगर," मी म्हणालो.

तिनं अगदी हळुवार रक्त घेतलं. शुगर नॉर्मल आली. बाहेर येऊन मी अर्धा किलो कंदी पेढे घेतले आणि एसटीत बसलो. दारातच क्रांतीनं विचारलं, "काय आलं?" मी म्हणालो, "नॉर्मल." हे अर्धसत्य वगैरे काही नव्हतं. हे सरळ सरळ खोटं होतं. क्रांतीनं माझ्यासाठी देवाला हात जोडले, मग खाटेवर बसली आणि म्हणाली, "म्हंजे माझ्यातच हाय." मी तिच्या तोंडात पेढा घातला. माणूस किती नालायक असू शकतो, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

सांगायचं पुढं ढकलत राहिलो. आज नको, तिचं डोकं दुखतंय; उद्या नको, परवा संकष्टी आहे. असं करत तीन वर्षं गेली. यंदा सांगलीच्या एका डॉक्टरांनी क्रांतीला दुर्बिणीचं ऑपरेशन सुचवलं. पोटाला भोकं पाडून आत बघायचं. तारीख ठरली, बुधवार. "येताना दोघांचेही जुने रिपोर्ट घेऊन या," असं डॉक्टरांनी बजावलं. क्रांती कपाट उपसायला लागली आणि माझा रिपोर्ट कुठं हरवला म्हणून सांगावा, याचा मी विचार करायला लागलो. वाळवी मला सर्वांत पटण्यासारखी वाटली. वाळवीवर माझा अभ्यासही आहे.

अशात त्याच्या आदल्या आठवड्याच्या सुरुवातीला नानासोंचा फोन आला. नानासो म्हणजे आमच्यापासून बारा किलोमीटरवरच्या एका वाडीतल्या वाचनालयाचे अध्यक्ष. दरवर्षी श्रावणात ते तीन दिवसांची व्याख्यानमाला भरवतात. यंदाच्या तिसऱ्या वक्त्याला, 'यशाची गुरुकिल्ली' सांगायला पुण्याहून येणार होता त्याला, डेंगी झाला होता. "सर, शनिवारी संध्याकाळी पाच वाजता तुमी या," नानासो म्हणाले, "विषय काय ठिवायचा?" मी म्हणालो, "डायनासोरांतील प्रजनन : काही अनुमाने." "सर, बायामाणसं येत्यात," नानासो म्हणाले आणि त्यांनी फलकावर 'डायनासोरचा संसार' असं लिहून टाकलं.

क्रांती म्हणाली, "मीबी येते. बुधवारनंतर किती दिस घरात पडून ऱ्हावं लागंल कुनास ठावं." दोघं मोटरसायकलवर निघालो. माझ्या पिशवीत साताऱ्याच्या स्टँडवर घेतलेले दोन रबरी डायनासोर होते, लांब मानेचे. त्यांच्या पोटावर मी पेननं न आणि मा लिहिलं होतं.

शाळेच्या हॉलमध्ये दीडशे माणसं होती. श्रावणात वाडीतली मेंढरं घरी असतात. दिवाळीनंतर ती खाली कोकणाकडं जातात तेव्हा अर्धी वाडी त्यांच्यामागं रानोमाळ असते. त्यामुळं समोर निम्मी माणसं मेंढक्यांची होती, खांद्यावर घोंगडी, बायका पदर सावरून पुढं सतरंजीवर. नानासोंनी माझा परिचय करून दिला : "सरांनी डायनासोरमदी आयुष्य घातलंय." नारळ आणि शाल झाली. मी लॅपटॉप जोडला आणि लाईट गेली. आता माझी भिस्त न आणि मा यांच्यावर होती.

मी दोन्ही हातांत एकेक धरला. "बंधू-भगिनींनो, मुख्य अडचण शेपटीची आहे," मी म्हणालो. या जनावरांची शेपूट बैलगाडीच्या जुवापेक्षा जाड, आणि वजन तीस-तीस टन. मग नर मादीजवळ जाणार कसा? मी न मा-च्या मागून नेला, बाजूनं नेला, तिरका नेला. मा-ची शेपूट तुटून पुढच्या रांगेत पडली. हॉल खदखदून हसला. एका म्हातारीनं ती उचलून आणून दिली आणि म्हणाली, "आवं सर, जरा दमानं घ्या."

ही बयाबाई. तिच्यामागं तिचा नवरा धुळा बसला होता, सत्तरीचा, तांबडा पटका. तो उठून उभा राहिला.

"सर, ह्ये तुमी सोता बगितलंया का?"

"नाही, आबा. कुणीच बघितलेलं नाही. साडेसहा कोटी वर्षं झाली."

"मंग सांगताय कशावरनं?"

मी सांगितलं, पक्षी हे डायनासोरांचेच वंशज आणि मगर त्यांची भाऊबंद. दोघांनाही शेपटीखाली एकच द्वार असतं, सगळ्या कामांना तेच. चीनमध्ये एका लहान डायनासोराची कातडी मिळाली आहे, तिच्यावर तसं द्वार दिसतं. त्यावरून अनुमान.

"म्हंजी कोंबडीगत," बयाबाई म्हणाली.

"हो, साधारण."

"मंग आसं म्हना की! कवाधरनं त्या बाहुल्या नाचिवताय."

पुन्हा हशा. मी दीडशे माणसांसमोर घामाघूम होईन असं मला वाटलं होतं, पण कानकोंडा एकटा मीच होतो. समोरची माणसं वर्षानुवर्षं हेच बघत आलेली. धुळाआबानं विचारलं, बारक्या मेंढीवर थोराड मेंढा सोडला तर मेंढी खाली बसते, कंबर धरते; मग ही तीस टनाची मादी उभी कशी राहिली? मी म्हणालो, अहो, मोठमोठ्या संशोधकांची यावरच भांडणं आहेत. पूर्वी काही जण म्हणायचे की पाण्यात उभं राहून होत असेल, आता तेही मागं पडलं. मी सांगितलं की अमेरिकेतल्या खडकावर लांब लांब ओरखडे मिळाले आहेत, मादीला दाखवायला नर पायांनी जमीन उकरत असावेत. "मेंढाबी उकरतो," धुळाआबा म्हणाला, "त्येला खडक कशाला बगाय पायजे? भाद्रपदात या." मी सांगितलं की हाडांवरून नर कुठला, मादी कुठली हे ओळखता येत नाही, अंडी घालायच्या बेतात असलेल्या मादीच्या हाडात तेवढा एक वेगळा थर सापडतो. यावर मात्र बायका गंभीर झाल्या. "म्हंजी बाईची हाडंसुदीक अंड्यापायी झिजायची," एक जण म्हणाली. क्रांती त्यांच्यातच बसली होती आणि हसत होती. ती इतकी हसलेली मी वर्षभरात पाहिली नव्हती.

मला चेव चढला. मी नर्मदेच्या खोऱ्यातल्या अंड्यांवर आलो. आपल्याकडं का सापडत नाहीत, तर आपला काळा दगड म्हणजे सगळा लाव्हा. तिकडं मात्र घरटीच्या घरटी मिळाली, नारळाएवढी गोल अंडी, त्यांतली कितीतरी न फुटलेली.

"न फुटल्याली म्हंजी?" बयाबाईनं विचारलं.

"म्हणजे फळलीच नसतील, किंवा आतला जीव वाढला नसेल."

"मंग ती मादी वांझ?"

हॉल शांत नव्हता. पोरं बाहेर ओरडत होती, कुणीतरी तंबाखू मळत होतं. पण मला ते काही ऐकू येईनासं झालं. चोराच्या मनात चांदणं. मी म्हणालो, "हा प्रश्न विज्ञानाला अजून सुटलेला नाही."

"आमास्नी सुटल्याला हाय," बयाबाई म्हणाली. "मेंढ्या गाभन ऱ्हाईना झाल्या तर आमी मेंढ्यांना हात लावत न्हाई. आदी मेंढा बगायचा. त्यो लंगडतोय का, त्येला खोकला हाय का, त्येच्या गोळ्या धड हायत का. हातानं चाचपून बगायचं, दोन मिनटांचं काम. न्हायतर दुसरा आनायचा. येका मेंढ्यापायी समद्या कळपाला कोन नावं ठिवंल?"

"मेंढ्याला लाज न्हाई वाटत," धुळाआबा म्हणाला, "त्ये येक बरं हाय."

लोक हसले, मीही हसलो. नानासोंनी आभार मानले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आणि या पाषाणाच्या खांद्यावर शाल होती.

धुळाआबानं चहाला घरी नेलं. घर गावाच्या कडेला, शेजारी जाळीच्या कुंपणात मेंढरं, उन्हं अजून होती. धुळाआबा चहाला दूध काढायला शेळीकडं गेला. मी बाजेवर बसलो. क्रांती आणि बयाबाई माझ्याकडं पाठ करून जाळीपाशी कोकरं बघत होत्या. दहा पावलांवर असतील. त्यांचं सगळं मला ऐकू येत होतं.

"किती वरसं झाली लग्नाला?"

"आठ."

"दवाखाना?"

"लय केला, मावशी. बुधवारी आप्रेशन हाय सांगलीला."

"आन मालकाचं? तपासलं का?"

क्रांती चटकन बोलली, आणि तिच्या आवाजात जो अभिमान होता तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. "व्हय तर. त्ये सोताहून गेलं हुतं साताऱ्याला. मला सांगायबी लागलं न्हाई. पोस्टातल्या बाया म्हनत्यात, आसा नवरा मिळाय नशीब लागतं, पुरुष मानूस कवा तयार हुतोय का? त्येंचं समदं चांगलं हाय. माझ्यातच कायतरी हाय, त्ये बिचारं कवा बोलूनसुदीक दावत न्हाईत."

बिचारं. हिच्या पोटाला बुधवारी भोकं पाडणार होते आणि ती माझी बाजू घेत होती. मी उठलो. जाळीपर्यंतची दहा पावलं मी मोजून टाकली.

"क्रांती, मी तपासलं नव्हतं."

ती वळली. "काय?"

"साताऱ्याला. मी शुगर तपासली. काउंटरवर माझी विद्यार्थिनी होती, मला लाज वाटली. ती दुसरी तपासणी मी केलीच नाही. कधीच नाही केली."

बयाबाईनं एकदा माझ्याकडं, एकदा तिच्याकडं बघितलं. मग कडेचं कोकरू काखेत मारलं आणि घरात निघून गेली.

क्रांतीच्या तोंडाकडं मला बघवेना. मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर मी तिचे उपकार मानले असते. ती म्हणाली, "तुमी पेढं आनलं हुतं."

"हो."

"मी त्ये वाटलं. पोस्टात समद्यास्नी वाटलं. सासूबाईंना कराडला पाठिवलं."

"हो."

"माझ्या नळ्यांत औषिद सोडलं, त्ये त्येच्यानंतर. का आदी?"

"नंतर."

तिनं मान हलवली, हिशेब जुळल्यावर पोस्टात हलवते तशी. मग म्हणाली, "उद्या ऐतवार. सोमवारी साताऱ्याला जायाचं. मीबी येनार."

चहा आम्ही प्यायलो. धुळाआबानं मला आग्रहानं दुसरा कप दिला, आज फार मजा आली म्हणाला. परत येताना बारा किलोमीटर क्रांतीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही, मागची कडी धरून बसली. रविवारी ती माझ्याशी चार वाक्यं बोलली. दोन गॅसच्या टाकीबद्दल होती, दोन दळणाबद्दल. मी माफी मागायला दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा तिनं मिक्सर लावला.

सोमवारी लॅबमध्ये स्वप्नालीच होती. आता तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं आणि टेबलावर 'प्रमुख तंत्रज्ञ' अशी पाटी. मागं रांगेत सहा माणसं होती. क्रांती माझ्या शेजारी उभी राहिली. मी तीच तीन वर्षांपूर्वीची चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"वीर्य तपासणी," मी म्हणालो. जरा जोरातच बोललो असेन, कारण रांगेतला एक जण खोकला.

स्वप्नालीनं एक डबी काढली, त्यावर माझं नाव लिहिलं. "डावीकडं तिसरी खोली, सर. आतून कडी लागते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मागच्या वेळीपण यासाठीच आला होतात ना, सर? शुगरला इतका घाम कुणाला येत नाही."

"तेव्हाच का नाही बोललीस?"

"सर, तुम्ही कधी विचारू दिलंत का?"

ती हे रागानं म्हणाली नाही. डबी घेऊन मी डावीकडच्या तिसऱ्या खोलीत गेलो. तिथल्या भिंतीवर धबधब्याचं चित्र होतं. बाकीचं सांगत नाही. तेवढा धडा घरी वाचा.

दुपारी एक वाजता रिपोर्ट मिळाला. डॉक्टरबाईंनी तो वाचला, चष्मा काढला आणि मला समजावायला लागल्या. शुक्राणू फारच कमी, जे आहेत त्यांची हालचालही मंद. औषधं देऊन बघू, काही महिन्यांनी पुन्हा तपासू, नाहीतर दुसरे उपाय आहेत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं त्या म्हणाल्या नाहीत, ते माझं मीच म्हटलं. क्रांतीनं त्यांना मध्येच थांबवलं.

"म्हणजे माझ्यात काही नाही?"

"तुमच्यात काही नाही. मी तीन वर्षांपूर्वीही हेच सांगितलं होतं. सांगलीचं ऑपरेशन आत्ता नको."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

बाहेर पार्किंगमध्ये क्रांती दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि रडली. तोंडात पदर न धरता, मोठ्यानं, येणारी-जाणारी बघत असताना रडली. ते दुःखाचं रडणं नव्हतं, तिला हायसं वाटलं होतं, आणि तेच मला सर्वांत जास्त लागलं. मी तिच्या शेजारी बसलो. "माझं चुकलं, क्रांती. लय चुकलं," मी म्हणालो. "व्हय," ती म्हणाली. मला ती माफ करते असं म्हणाली नाही, आणि मीही तसं विचारायचं धाडस केलं नाही.

घरी पोचायला तीन वाजले. क्रांतीनं सकाळचीच भाकरी आणि मुगाची आमटी ताटात घेतली. मलाही वाढलं. दोघांच्या ताटांच्या मध्ये तिनं माझा मोबाईल ठेवला.

"कराडला फोन लावा. आवाज मोठा ठिवा."

"जेवून लावू?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी लावला. आईनं उचलला.

"व्हय रं, काय म्हनतोस? बुधवारी जायाचं न्हवं? म्या नवस बोललीया."

"आई, ऑपरेशन नाही करायचं. रिपोर्ट आलाय."

"क्रांतीचा?"

मी पाण्याचा घोट घेतला. "आई, कसं असतं, प्राण्यांमध्ये नर आणि मादी... म्हणजे अगदी डायनासोरांमध्येसुद्धा बघ..."

क्रांतीनं बोटानं ताट वाजवलं. "मानसांचं सांगा."

"आई, दोष माझ्यात आहे," मी म्हणालो. "मूल होत नाही ते माझ्यामुळं. क्रांतीत काही नाही. कधीच नव्हतं. मागच्या वेळी मी तपासून घेतलंच नव्हतं. पेढे खोटे होते. तुम्ही आठ वर्षं तिला बोललात, ती सगळी बोलणी माझी होती."

पलीकडं भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला. सुभेदारांनी मागून विचारलं, "काय म्हनतोय त्यो?" आई म्हणाली, "काय न्हाई, तुमी बसा." मी फोन बंद पडला का म्हणून दोनदा बघितलं.

"जयराज," अखेर ती म्हणाली. आवाज पार खाली गेला होता. "क्रांतीला दी जरा. मला तिच्यासंगं बोलायचं हाय."

मी फोन क्रांतीपुढं धरला. या आठ वर्षांत सासूचा फोन आला आणि क्रांतीनं घेतला नाही, असं एकदाही झालं नव्हतं. तापात उठून घेतला होता, काउंटरची खिडकी बंद करून घेतला होता. तिनं फोनकडं बघितलं, आमटीत भाकरी कुस्करली आणि आईला ऐकू जाईल अशा बेतानं मला म्हणाली, "त्येंना सांगा, क्रांती जेवाय बसलीया."